महागड्या विद्यापीठाची फी वसूल होते का?

खातेवही:
कर्ज काढून महागड्या विद्यापीठात शिकावं का? माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी नाही.

लोक फी बघतात, व्याज बघत नाहीत. कर्ज १०० धरा, एकरकमी उचललेलं, दर १० टक्के. शिकताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. चार वर्षांनी डिग्री हातात येते तेव्हा आकडा १४६ झालेला असतो. पुढे दहा वर्षं हप्ते भरा, एकूण २३०च्या वर जातात. शिवाय त्या चार वर्षांत बुडालेली कमाई कोणी धरतच नाही.

बरं, बदल्यात काय? २००२ साली स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापला. सारख्याच कुवतीची मुलं, काही नामवंत कॉलेजात गेली, काही साध्या. पुढची कमाई जवळपास सारखीच. म्हणजे हुशारी पोरांची आणि श्रेय पाटीला!

निरभ्र:
अभ्यास अर्धाच सांगितलात. त्यातच पुढे आहे की कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना नामवंत कॉलेजचा फायदा झाला. ज्याच्या घरच्यांच्या चार ठिकाणी ओळखी आहेत, तो कुठेही शिकला तरी मार्गी लागतो. ज्याच्या घरात कुणाला मुलाखत कशी असते हेही माहीत नाही, त्याला ते वर्गमित्र, ते प्राध्यापक पहिल्यांदाच भेटतात. तुमच्या हिशोबाने कर्जाला घाबरून मागे सरेल तो नेमका हाच मुलगा.

धोंडूतात्या:
ओळखीच विकत घ्यायच्या तर त्याला शिक्षण कशाला म्हणायचं? मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की डिग्री हा मालकाला दिलेला इशारा असतो: हा पोरगा चिकाटीचा आहे, घ्या. २००१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. नाहीतर सांगा, तीन वर्षं शिकून सोडणारा आणि चौथं पूर्ण करणारा यांच्या पगारात एवढी उडी का? चौथ्या वर्षी असं काय अमृत पाजतात?

रातराणी:
तात्या, तुमचं म्हणणं ऑफिसातल्या नोकऱ्यांपुरतं ठीक आहे. मी रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून मोजताना, फिकट गुलाबी छटा येऊन टिकली की तिथेच थांबायचं असतं. नवखा मुलगा हमखास पुढे जातो, फ्लास्क गडद गुलाबी होतो आणि सगळं पुन्हा. तो हात बसायला शेजारी कोणीतरी उभं असावं लागतं. व्हिडिओ बघून बसत नाही, आणि एक शिक्षक एका वेळी पन्नास फ्लास्कांवर नजर ठेवू शकत नाही. खर्च येतो तो इथे. (फीचा केवढा भाग खरंच प्रयोगशाळेत पोचतो, हे विचारू नका. चकचकीत इमारतीही त्यातूनच उठतात.)

खातेवही:
रातराणी, प्रयोगशाळेचं मान्य. पण स्वस्त विद्यापीठातही टायट्रेशन होतंच की.

निरभ्र, तुम्ही पूर्ण करणाऱ्यांबद्दलच बोलताय. मध्येच सोडणाऱ्याचं काय? तात्यांची ती पगाराची उडी त्याला मिळत नाही आणि कर्ज मात्र जसंच्या तसं. सगळ्यात जास्त पोळतो तो हाच, आणि घरी पैशाची ओढाताण असली की सोडायची वेळही लवकर येते.

निरभ्र:
मग दोष कर्जाच्या पद्धतीचा म्हणा, शिक्षणाचा नको. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून फी नंतर फेडायची सोय आहे. कमाई ठरावीक मर्यादेवर गेली तरच वसुली, तीही पगारातून. नोकरी गेली की वसुली थांबते. तुमचे १४६ आणि २३० तिथे लागूच होत नाहीत.

खातेवही:
अशी सोय असेल तर माझी निम्मी हरकत जाईल. निम्मीच, कारण न फिटलेलं कर्ज शेवटी करदात्यांच्या गळ्यात. आणि मुलाला आज खिशातून काही द्यायचं नाही म्हटल्यावर विद्यापीठांना फी वाढवायला मोकळं रान.

धोंडूतात्या:
ते आत्ता कुठे कुंपण घातलेलं आहे?