आई-आण्णा पुण्यात आलेत: आधी डॉक्टर शोधू की ९२ टेस्टचं पॅकेज करू?

तासगावची_मनू

नमस्कार मंडळी, लांबलचक होणारे, आधीच सॉरी.

आई-आण्णा दिवाळीनंतर कायमचे आमच्याकडे वाकडला आलेत. आण्णा ६९, आई ६४. तासगावात आमचे एकच डॉक्टर, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. बाहेर बाकावर बसायचं, कंपाउंडर नाव पुकारणार, आत गेलं की डॉक्टर आधी विचारणार यंदा द्राक्षबागेचं काय, दावण्या रोग आलाय का, मग हात धरून नाडी, मग बीपी. केसपेपर वगैरे भानगडच नाही, चाळीस वर्षांचं सगळं त्यांच्या डोक्यात. मागच्या वर्षी वयामुळे त्यांनी दवाखाना बंद केला आणि आता आण्णांची मेडिकल हिस्टरी म्हणजे बीपीच्या गोळीचं एक रिकामं पाकीट, जे ते शर्टाच्या खिशात घालून आणलंय.

इथे आल्यावर आण्णांना खोकला झाला म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चार मिनिटांत तीन टेस्ट, पाच औषधं. आठवड्याने परत गेलो तर खुर्चीत दुसरेच डॉक्टर, परत पहिल्यापासून सगळं सांगा. आण्णा बाहेर येऊन म्हणाले, "ह्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई, नुस्तं त्या टीव्हीकडं."

त्यात सोसायटीच्या ग्रुपवर फुल बॉडी चेकअपची जाहिरात फिरतेय, ९२ टेस्ट, २४९९ रुपये, घरी येऊन सँपल नेणार, कॅन्सर मार्कर फ्री. नवरा म्हणतो करून टाकू, एकदाचं काय ते कळेल. आण्णा म्हणतात टेस्ट केली की आजार निघतो, नाही केली की नाही निघत. :)

तर, नव्या गावात फॅमिली डॉक्टर कसा शोधायचा, आणि या वयाला खरंच काय काय तपासायचं?

---

पेठेतला_बोका

मनूताई, आधी डॉक्टर. पॅकेज कुठे पळून जात नाही, पुढच्या महिन्यात "फक्त आज" म्हणून परत येईल.

पहिलं म्हणजे पाटी नीट वाचायची. एमबीबीएस, एमडी मेडिसिन, बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) हे सगळे "डॉक्टर"च असतात पण शिक्षण वेगळं असतं, आणि एमडीच्या पुढे कंसात काय लिहिलंय तेही बघायचं कारण आयुर्वेदातही एमडी असते. कुणाकडे जायचं ते तुम्ही ठरवा, फक्त माहीत असून जा. एमबीबीएसवाल्यांचा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येतो.

दुसरं, घरापासून चालत जाता येईल असाच बघा. आण्णा रिक्षा करून बीपी बघायला जाणार नाहीत, कितीही मोठा डॉक्टर असू दे.

तिसरं, डॉक्टरची ट्रायल घ्यायची. काही झालं नसताना आण्णांना घेऊन जा, म्हणा आम्ही नवीन आहोत, ओळख करून घ्यायला आलोय, ही गोळी चालू आहे. जो वैतागतो तो बाद. जो ते रिकामं पाकीट हातात घेऊन विचारतो की किती वर्षं घेताय, मधे बंद केली होती का, पायाला सूज येते का, तो आपला माणूस. मी सहा डॉक्टर बदलले मगच आत्ताच्या बाई सापडल्या. एकदा मी स्वतः मागितली तरी त्यांनी अँटिबायोटिक दिली नाही, म्हणाल्या सर्दी आहे, गरम पाणी प्या आणि घरी बसा, फीही घेतली. तेव्हाच ठरवलं.

आणि हेही विचारून ठेवा की तुम्ही गावाला गेलात तर कोण बघणार. यावर उत्तर नसेल तर रात्री दोन वाजता तुम्हीच आणि ते मोठं हॉस्पिटल.

---

प्राजक्ता_ठाणे

मी उलट बाजूने बोलते. आमच्याकडे असल्याच पॅकेजमुळे मिस्टरांची शुगर सापडली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१, काहीही त्रास नव्हता. डॉक्टर शोधत बसलो असतो तर अजून दोन वर्षं तशीच गेली असती. त्यामुळे सरसकट नावं ठेवू नका. जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर मेडिक्लेमच्या टॅक्स वजावटीत चेकअपचे ५००० पर्यंत दाखवता येतात, त्याच लिमिटमध्ये, आणि चेकअपचे पैसे कॅश दिले तरी चालतात.

---

जांभळी_टोपी

लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, म्हणून न राहवून लिहितोय.

प्राजक्ताताई, तुमच्या मिस्टरांना कामाला आली ती ९२ पैकी एक टेस्ट. ती एकटी केली असती तरी सापडलंच असतं. उरलेल्या ९१ बद्दल बोलू.

रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक टेस्टमध्ये अशी काढतात की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील. म्हणजे ठणठणीत माणसातही वीस टेस्ट केल्या की एखादी रेंजच्या बाहेर जाणं अगदी साहजिक आहे. ९२ केल्या की काहीतरी लाल अक्षरात येणारच, नाही आलं तर मला आश्चर्य वाटेल. आणि ९२ हा आकडाही कसा होतो बघा, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एकच टेस्ट, एकाच जांभळ्या टोपीच्या बाटलीतून, पण तिच्या वीस-बावीस ओळी असतात त्या वीस-बावीस टेस्ट म्हणून मोजतात. लिपिडच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरेच्या, आठ. लिव्हरच्या दहा-बारा. रेशो पण मोजतात हो, दोन आकड्यांचा भागाकार ही एक टेस्ट!

आता घरी येऊन सँपल नेण्याचं. पोरगा सकाळी सहाला निघतो, दहा-बारा घरं करतो, बॅगेत कूल पॅक असेल तर असेल. साखरेचं रक्त राखाडी टोपीच्या बाटलीत घ्यायचं असतं, तिच्यात फ्लोराईड असतं, नाहीतर रक्तातल्या पेशी बाटलीतच साखर खात राहतात आणि लॅबला पोचेपर्यंत आकडा कमी दिसतो. बारीक शिरेतून ओढाताण करून घेतलं किंवा बाटली जोरात हलवली तर पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं, आणि मग घरचे रात्री अकराला आम्हाला फोन करतात की आजोबांना ॲडमिट करू का. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्या बायकांचा थायरॉइडचा रिपोर्ट काही मशीनवर चक्क गंडतो. सँपल घेणाऱ्याने हे कधी विचारलंय तुम्हाला?

घरी सँपल देऊ नका असं म्हणत नाही, म्हातारी माणसं आहेत, सोय लागतेच. पण बाटल्यांवर नाव आणि वेळ आपल्यासमोर लिहून घ्या, आणि एका लाल आकड्यावर घाबरू नका, तीच टेस्ट लॅबमध्ये जाऊन परत करा.

---

अर्धा_कप

"कॅन्सर मार्कर फ्री" वाचलं आणि पोटात गोळा आला.

बायको ४६ ची, तिच्या ऑफिसच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ होतं, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरचा मार्कर, आलं ५८. खाली छापलेलं ३५ च्या आत हवं. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर, सोमवारपर्यंत विचारायला कोणी नाही. मी रात्रभर गुगल करत बसलो, ती बाथरूममध्ये रडली आणि बाहेर येऊन म्हणाली डोळ्यात साबण गेला. मग सोनोग्राफी, मग एमआरआय, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत, तीन आठवडे आणि तीसेक हजार. निघाल्या काय तर गर्भाशयातल्या साध्या गाठी, फायब्रॉइड, ज्या तिच्या डॉक्टरणीला सहा वर्षांपासून माहीत होत्या! त्या म्हणाल्या फायब्रॉइडने, एंडोमेट्रिओसिसने, अगदी पाळीच्या दिवसांतही हा आकडा वाढतो, काही त्रास नसलेल्या बाईत कॅन्सर शोधायला ही टेस्ट वापरतच नाहीत, मला एक फोन का केला नाहीत.

कारण रिपोर्टवर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून सुचलंच नाही.

---

सदू_सातारकर

आमच्या आजीने ९३ व्या वर्षापर्यंत एक टेस्ट केली नाही. रोज भाकरी, ठेचा, शेतात काम. विषय संपला.

---

पेठेतला_बोका

@सदू, आणि आजीची भावंडं किती होती आणि त्यातली किती ९३ पर्यंत पोचली तेही सांगा, म्हणजे विषय नीट संपेल.

---

डॉ_खेडवळ

जनरल प्रॅक्टिस करतो, तालुक्याच्या गावी. इथे कुणावर उपचार करत नाही, फक्त विचार कसा करायचा ते सांगतो.

माणसागणिक यादी वेगळी होते. तुमच्या आण्णांना बीपी आहे, म्हणजे किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय साखर, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी हे पहिल्यांदा बघायलाच हवं. डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूसाठी आणि काचबिंदूसाठी, काचबिंदू गुपचूप नजर खातो. कान. गेल्या वर्षात कधी पडले का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचं बोला. पीएसए (प्रोस्टेटची रक्तटेस्ट) आपोआप करू नका, आधी त्याचे फायदे-तोटे डॉक्टरांशी बोला. व्हिटॅमिन डी धडधाकट माणसात सरसकट मोजू नये असं हार्मोनच्या डॉक्टरांच्या एंडोक्राइन सोसायटीनेच २०२४ मध्ये सांगितलंय. बी१२ चं मात्र वेगळं, पक्के शाकाहारी असतील किंवा साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर विचार करावा.

बीपी घरी मोजा. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, त्याआधी अर्धा तास चहा नाही, हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, आणि मोजताना बोलायचं नाही. दवाखान्यात १४० वर ९० ही रेघ, घरी १३५ वर ८५. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून तो कागद डॉक्टरांना द्या. माझ्या निम्म्या पेशंटचं बीपी माझ्या दारात आलं की वाढतं, मी काय इतका वाईट दिसत नाही.

आता आई. सगळ्यांनी आण्णांचंच विचारलं म्हणून मुद्दाम लिहितोय. ६४ म्हणजे तिचीही साखर, बीपी, स्तनांची तपासणी, हाडांची घनता कधी मोजली नसेल तर तीही, आणि गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदाही झाली नसेल तर ती कराच. याबाबतीत जगाने आपल्याकडून शिकलंय. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या हॉस्पिटलच्या लोकांनी सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला, २००९ मध्ये छापून आला. ज्या गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी एकदाच, फक्त एकदाच केली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर बायकांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. २४९९ च्या पॅकेजमध्ये यातलं काही नसतं कारण ते घरी येऊन रक्ताच्या बाटलीत भरता येत नाही.

सरकारी आरोग्य मंदिरांत, म्हणजे आरोग्य केंद्रांत, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख हे फुकट बघायचा कार्यक्रम आहे. लाज वाटत नसेल तर जा.

आणि एक विचारतो, रागावू नका. आई मशेरी लावते का?

अवांतर: मनूताई, तुमचं स्वतःचं वय काय, आणि तुमची तपासणी कधी झाली होती?

---

तासगावची_मनू

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशीर झाला, महिना गेला मधे.

पॅकेज केलं नाही. बोकादादांच्या सांगण्याप्रमाणे दोन डॉक्टरांची ट्रायल झाली, पहिले वैतागले. दुसऱ्या बाई आहेत, एमबीबीएस, सोसायटीच्या मागच्या गल्लीत, चालत सहा मिनिटं. आण्णांचं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवून घेतलं आणि विचारलं घोट्याला सूज येते का. येते! आम्हाला वाटायचं एसटीत पाय लोंबकळून येते. त्यांनी गोळी बदलली. क्रिएटिनिन वगैरे ठीक आलं, साखर काठावर, एचबीएवनसी ६.१.

आईचं. मी ठासून सांगितलं होतं की आई मशेरी लावत नाही, मी कधी बघितलंच नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी आत बोलावलं तर आई खाली बघत होती. चाळीस वर्षं लावतेय. वाकडच्या फ्लॅटमध्ये सुद्धा, पहाटे, आम्ही उठायच्या आधी, डबी पोळपाटाच्या मागे. आणि तव्यावर भाजायची सोय नाही म्हणून गावाकडून मावशी पाठवते, चटणीच्या पार्सलमधून.

डॉक्टरांनी टॉर्च घेऊन तोंड बघितलं, डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा. तोंडाच्या सर्जनकडे पाठवलं, तुकडा काढला, रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, ते आठ दिवस कसे गेले ते अर्धा_कप यांना कळेल. कॅन्सर नाही. पण मशेरी बंद, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं. आई बंद केलीय म्हणते, मी रोज पोळपाटामागे बघते, आणि तिला माहितीये मी बघते, त्यामुळे नवी जागा कुठली ते शोधायचंय. एचपीव्हीची तपासणीही झाली तिची, कुरकुर करत, निगेटिव्ह.

डॉक्टर, मी ३८. कधीच नाही. मंगळवारची वेळ घेतलीय.