१०० च्या बोर्डाखाली १०५ ला माफी: पुरे की कमी?

लिंबखिंड:
केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार वेगमर्यादेच्या वर ५ टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. म्हणजे ४० ला ४२, ६० ला ६३, १०० ला १०५. साताऱ्यात मात्र 'दहा-वीसनं कोण धरतंय' हेच ऐकू येतं. ५ टक्के भरपूर झाले. १०० नं चाललेली कार, एक सेकंद भानावर यायला धरून, कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर साधारण ८३ मीटरवर थांबते. त्याच जागी १०५ वाली अजून ३५ च्या वेगात असते. पुढे उसाची ट्रॉली आडवी असेल तर हा फरक जिवावर बेततो.

मिरज_जंक्शन:
हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. हायवेवर १०० वरून एकदम ४० चा बोर्ड येतो, तोही फ्लेक्सआड. तिथे ब्रेक दाबला की मागचा ट्रक अंगावर. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ प्रमाणे वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या आधी सूचनाफलक हवा, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं हवं. हे जिथे नाही तिथे ४२ आणि ४३ मध्ये भेद कसला करता? सरसकट १० टक्के सोडा.

पेठनाका:
१० टक्के तुम्हाला आधीच मिळतायत. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असाच बसवतात, त्यामुळे काट्यावर १०५ तेव्हा जीपीएसवर बहुतेक १०० च्या आसपास. शिवाय इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गाडी, कडेला उभी असते. वेग मोजायची गन तिरकी धरली की वेग कमीच मोजला जातो: १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना ६ टक्के. फक्त मोठे टायर टाकणाऱ्यांनी जपावं. व्यास ३ टक्के वाढला की खरा वेगही काट्याच्या हिशोबापेक्षा ३ टक्के जास्त.

मिरज_जंक्शन:
काट्याचं पटलं. बोर्डाचं उत्तर आलं नाही.

लिंबखिंड:
बोर्ड चुकीचा असेल तर बोर्ड बदलायला लावा, सूट वाढवून तो दिसणार नाही. चलनावर फोटो, नंबरप्लेट, मोजलेला वेग, जागा, वेळ असायलाच हवी. यातलं काही जुळत नसेल तर पैसे भरण्याआधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाका, बोर्ड झाकलेला असल्याचा फोटो जोडा. आणि यंत्राशिवाय नुसत्या एका पोलिसाच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्येच आहे.

मिरज_जंक्शन:
मग पुणे-सातारा हायवेवरच्या खंबाटकी घाटात बोगद्यानंतरच्या उताराचं बोला. तिथे मी एक टक्काही मागत नाही. पण सपाटीवरच्या ४० ला १० टक्क्यांचं माझं म्हणणं कायम.