मदत हवी आहे: बोनस ७००० वर धरायचा की मिनिमम वेजवर?

गोव्यात वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या फॅक्टरीत परमनंट आहे, कामगार शंभरच्या वर, बेसिक अधिक डीए १६,५०० म्हणजे बोनस मिळण्यासाठीच्या २१,००० च्या लिमिटच्या आतच. स्लिपवर दर महिन्याला बोनस ५८३ रुपये दाखवतात, म्हणजे ७००० चे ८.३३ टक्के, आणि चवथीला काही मागितलं की सांगतात तुमचा बोनस पगारातच येतो. पण २०२५ पर्यंत लागू असलेल्या बोनस कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत ७००० किंवा मिनिमम वेज, जे जास्त असेल ते धरायचं असं होतं ना? एचआरला मेल केला, उत्तर तोंडीच, "कंपनी पॉलिसी". युनियन नाही, नोकरीही सोडायची नाहीये. मागच्या वर्षांचा फरक मिळतो का, आणि पणजीत पाटोच्या लेबर कमिशनर ऑफिसात नाव बाहेर न येता तक्रार करता येते का, कोणी केलीय?