भोपाळचं मानव संग्रहालय: तुम्ही काय पाहिलंत?

संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं डोळ्यांसमोर येतात. भोपाळला श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या काठी, सुमारे २०० एकरांत चक्क घरं उभी आहेत. आदिवासी पाड्यांतली, किनाऱ्यावरची, वाळवंटातली, हिमालयातली. ती ज्यांची, त्यांनीच येऊन आपल्या रीतीने बांधलेली. दोन तासांत आटपू म्हणून गेलो आणि संध्याकाळी रखवालदाराने शिट्टी वाजवली तेव्हा निघालो, तरी वीथी संकुल हे आतलं दालन राहिलंच. तुम्ही गेला असाल किंवा घरबसल्या पाहिलं असेल, तर सविस्तर लिहा.

*

आईला घेऊन गेलो होतो. तिचं माहेर डहाणूकडचं. वारली घरापाशी पोचल्यावर ती आत जायच्या आधी कुडाच्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. एका कोपऱ्यात लिंपण सुटून कारवीच्या काड्या उघड्या पडल्या होत्या. "शेण कमी पडलंय, नुसती माती टिकत नाही," म्हणाली. आत अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबली, मग चूल कुठे, कणगी कुठे, बाळंतिणीची खाट कुठे, सगळं नातवाला बोटाने दाखवलं. माहेरच्या घराबद्दल ती आमच्याशी इतकं कधीच बोलली नव्हती. त्या दिवशीचा एकही फोटो नाही आमच्याकडे.

*

सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आम्ही फाटकावरून परतलो.

*

मी शिक्षिका आहे. आठवीची मुलं नेली होती. एकाने विचारलं, "बाई, ही माणसं कधी होऊन गेली?" प्रश्न ऐकून मला वाईट वाटलं, कारण वर्गात आम्हीच आदिवासींबद्दल भूतकाळात बोलतो. पुढच्याच घरावर दोघे जण छपराचं गवत बदलत होते. त्यांच्याच गावाकडच्या घराची डागडुजी करायला आले होते. एकाच्या खिशातल्या मोबाइलवर गाणं चालू होतं. त्याने मुलांना जवळ बोलावलं, पेंढी कशी घट्ट बांधायची ते दाखवलं, आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्याकडून गाठ तीनदा सोडवून घेतली. आता मी तो धडा वर्तमानकाळात शिकवते.

*

गुडघ्यांमुळे मला ते चढउतार झेपणार नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत संग्रहालयाने ऑनलाइन प्रदर्शनं मांडली, तेव्हापासून मी स्क्रीनवरच बघतो. वास नाही, अंधार नाही, हे खरं. पण एका बांबूच्या टोपलीचा फोटो मोठा करून मी अर्धा तास बसलो होतो. बूड चौकोनी, तोंड गोल. चौकोनाचा गोल नेमका कुठे होतो हे शोधत एकेक पट्टी मोजली. तिथे उभ्याने, मागे माणसं खोळंबलेली असताना, हे जमलं नसतं.

*

आवारातल्या शैलचित्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही! कित्येक जण त्या खडकांवरून नुसते पुढे जातात. मीही आधी काही न दिसता परतत होतो. एका कर्मचारी ताईंनी हाक मारली, "उन्हाकडे पाठ करा आणि जरा थांबा." थांबलो. आधी गेरूचा एक डाग दिसला, मग त्याला पाय फुटले, मग शिंगं.