मदत हवी आहे: संत्र्याच्या बगीच्यात ठिबकचा ड्रिपर ताशी किती पाणी देतो आणि मोटर किती तास चालवायची, हिशेब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात नोकरीला आहे, घरचा बगीचा काटोल तालुक्यात, तीन एकर संत्रा, ६ बाय ६ मीटरवर, म्हणजे एकरी १११ च्या हिशेबाने ३३३ झाडं. शनिवार-रविवार गावी जाते तेव्हा बाबांसोबत बगीचा बघते. यंदा आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) चांगला धरलाय पण मे लागल्यापासून तिसऱ्या एकरातल्या, धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) ओळींमध्ये पानं वळून राहिलीत आणि फळगळ दिसून राहिली, तर विहिरीजवळची झाडं एकदम हिरवीगार. पाणी सगळ्यांना सारखंच, रोज दोन तास. बाबांचं म्हणणं असं की "पानी त बुडाशी दिसून राह्यलं ना, मंग मोजून राह्यली कायले?" मला मात्र मोजल्याशिवाय चैन पडेना.

वहिनी नागपुरात एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, ती म्हणाली सलाईनसारखं थेंब मोज. तिच्या सेटला २० थेंब म्हणजे १ मिली, ५०० मिलीची बाटली ८ तासांत द्यायची तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. सोपं वाटलं. पण आपला ड्रिपर ताशी ८ लिटरचा, म्हणजे मिनिटाला १३३ मिली, ते थेंबात धरलं तर सेकंदाला ४४ थेंब होतात, कोणाच्या डोळ्याला मोजता येणार? शिवाय थेंबाचा आकारही नळीप्रमाणे बदलतो, सलाईनचा २० चा आकडा इथे चालणारच नाही. मग वहिनीनेच सुचवलं, थेंब सोड, मापाचं भांडं आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घे. तिचं गणित तेच, फक्त उलटं.

तर असं केलं. चार ओळी निवडल्या, प्रत्येक ओळीत नळीच्या सुरुवातीला, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि टोकाला, असे १६ ड्रिपर, प्रत्येकाखाली २ मिनिटं भांडं. मिलीला ३० ने गुणलं की ताशी मिली. विहिरीजवळ २६० मिली आलं, म्हणजे ताशी ७.८ लिटर. धुऱ्याकडच्या टोकाला १५० मिली, म्हणजे फक्त साडेचार लिटर!! कंपनीने ८ लिटर छापलेलं आहे पण ते १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला. सोळांची सरासरी ६.४ आली, सगळ्यात कमी चारांची सरासरी ४.६, तिला ६.४ ने भागलं तर ७२ टक्के. ही एकसारखेपणाची टक्केवारी ९० च्या आसपास असली की उत्तम धरतात, ७२ म्हणजे जेमतेम.

आता झाडाची गरज. झाडाच्या घेराचा व्यास ४ मीटर, सावलीचं क्षेत्रफळ १२.५६ चौरस मीटर. रोजचं बाष्पीभवन मी १० मिमी धरलं, पॅन गुणांक (उघड्या भांड्यातल्या बाष्पीभवनावरून हिशेब करायचा) ०.७, पीक गुणांक (त्यातलं या पिकाला किती लागतं तो) ०.७. एक मिमी पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर, म्हणून १० × ०.७ × ०.७ × १२.५६ = साधारण ६१.५ लिटर, ड्रिपची कार्यक्षमता ९० टक्के धरून ६८ लिटर. झाडाला चार ड्रिपर आहेत, म्हणजे ८ लिटरने ताशी ३२, त्यामुळे ६८ भागिले ३२, सव्वादोन तासांच्या जरा आत, २ तास ८ मिनिटं. पण टोकाच्या झाडाला ताशी १८ च लिटर मिळतात, त्याला ३.७८ तास लागतात. सध्याच्या दोन तासांत विहिरीजवळच्या झाडाला ६२ लिटर मिळतात आणि टोकाच्याला ३६. ते झाड वाळणार नाही तर काय होणार.

इथे एक चूक माझी झाली, ती सांगते म्हणजे कोणी परत करू नये. बाबांना फोनवर "तीन पॉइंट आठ तास" म्हटलं, त्यांनी ३ तास ८ मिनिटं चालवली. खरे ३ तास ४७ मिनिटं. टोकाच्या प्रत्येक झाडाला तेव्हाही १२ लिटर कमीच पडलं. आता मी तास-मिनिटातच सांगते.

पण नुसते तास वाढवणं मला पटत नाही. पावणेचार तास मोटर चालली तर विहिरीजवळच्या झाडांना ११८ लिटर जातं, जमीन भारी काळी आहे, बुड सतत ओलं राहिलं तर डिंक्या (बुडातून डिंक गळायचा रोग) येतो, मागे दोन झाडं तशीच गेलीत. आणि विहीर मे महिन्यात कुठे एवढी भरते? ६.४ च्या सरासरीने तीन एकर पावणेचार तास म्हणजे सुमारे ३२ हजार लिटर, खरी गरज मात्र २२,६०० च्या आसपास. रोजचं साडेनऊ हजार लिटर फुकट.

कारण मला असं वाटतं. सबमेन (ड्रिपरच्या नळ्यांना पाणी पुरवणारा पाईप) मुळात दोन एकरांसाठी टाकली होती, तिसरा एकर नंतर तिलाच पुढे जोडला. तीन एकर एकदम चालवायचे तर ३३३ × ३२ म्हणजे ताशी १०,६५६ लिटर हवेत. फिल्टरनंतर पाईप उघडा सोडून २०० लिटरचा ड्रम भरला तर ६२ सेकंद लागले, म्हणजे ताशी ११,६०० च्या आसपास, पण ते उघड्या पाईपचं, दाब धरला की कमी होणारच. म्हणून विचार आहे की तिसऱ्या एकराच्या तोंडाशी व्हॉल्व्ह बसवायचा, आधी दोन एकर २ तास ८ मिनिटं, मग तिसरा तेवढाच वेळ. एकूण सव्वाचार तास, आमच्या फीडरवर थ्री फेज आठ तास असते, बसतं.

भर, सोमवार रात्री: खाली ज्यांनी लिहिलं की आधी ड्रिपर चोक आहेत का दाब कमी आहे ते ठरवा, त्यांचे फार आभार. टोकाच्या एकाच झाडाचे चारही ड्रिपर मोजले होते: १५०, १५५, १४८ आणि ९०. एक चोक आहे (क्षार दिसतो, तो बदलणार), बाकी तीन जवळपास सारखे, म्हणजे मुख्य दोष दाबाचा. आमचे ड्रिपर साधे आहेत, दाब-नियंत्रित नाहीत, त्यात प्रवाह दाबाच्या वर्गमुळासोबत बदलतो. ४.५ भागिले ८ चा वर्ग ०.३२, म्हणजे टोकाला ०.३२ किलो दाब असायला हवा. काकांच्या मुलाने काल गेज लावून बघितला, ०.३५ निघाला. फोन आला तेव्हा मला खरंच आनंद झाला, कागदावरचा आकडा वावरात सापडला!

तर आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. तिसरा एकर एकटा चालला की सबमेनमधून तिसरा हिस्साच पाणी जाईल, घर्षण तर त्याहून खूपच कमी होईल, मग दाब दीड किलोच्या वर जाऊन नळ्या निसटतील का, बायपास (जास्तीचं पाणी बाजूला सोडायचा व्हॉल्व्ह) किती उघडा ठेवायचा हे तुम्ही कसं ठरवता? आणि व्हॉल्व्ह बसवल्यावर १६ ड्रिपर पुन्हा मोजायचे तर मोटर सुरू केल्यावर किती वेळाने, कारण नळ्या भरायलाच आमच्याकडे दहा-बारा मिनिटं जातात आणि ती मी २ तास ८ मिनिटांत धरलेली नाहीत. शनिवारी सकाळच्या बसने निघतेय, त्याआधी सांगितलं तर व्हॉल्व्ह सोबतच नेईन.