इनकॉन्टिनेन्शिया पिगमेंटी: बाळाचे डोळे परत परत तपासायला हवेत का?

प्रश्न (छकुलीची मावशी):
बहिणीला मुलगी झाली, जन्मल्यावर लगेचच हातापायांवर रेघेत फोड आले, आधी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं, मग बायोप्सीत इनकॉन्टिनेन्शिया पिगमेंटी निघालं. आता फोड सुकून तिथं चामखिळीसारखं खरखरीत झालंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं, आत्ता ठीक आहे पण महिन्याने परत आणा म्हणाले. घरचे म्हणतात बाळ दिव्याकडे बघतंय, चेहरा ओळखतंय, मग एवढ्याशा जिवाचे हाल कशाला. बहिणीची नुसती ओढाताण चाललीये. आणि स्किनच्या आजाराचा डोळ्याशी संबंध काय?

उत्तर १ (रेटिना क्लिनिकमध्ये काम करते):
ताई, कृपा करून महिन्याची तपासणी चुकवू नका. या आजारात आयकेबीकेजी नावाच्या जीनमध्ये दोष असतो, तो एक्स क्रोमोसोमवर आहे, म्हणून बहुतेक मुलीच दिसतात. त्याने फक्त त्वचा नाही तर डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्याही बंद पडू शकतात, कडेच्या भागाला रक्त मिळत नाही, मग तिथं नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या रक्तस्राव करतात आणि पडदा ओढून सुटा करतात. कमी दिवसांच्या बाळांना आरओपी (डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा आजार) होतो ना, बरंचसं तसंच. आणि हे बहुतेक पहिल्या वर्षात घडतं, कधीकधी काही आठवड्यांत.

घरच्यांना एक गोष्ट नक्की सांगा. हा त्रास बऱ्याचदा एकाच डोळ्यात जास्त असतो. दुसरा चांगला असला की बाळ हसतं, खेळणं पकडतं, सगळं करतं, त्यामुळे घरात कुणालाच पत्ता लागत नाही. तिरळेपणा किंवा बाहुलीत पांढरं दिसायला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

साधारण वेळापत्रक असं: जन्मानंतर लवकरात लवकर, मग ३-४ महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, १ वर्षापर्यंत दर ३ महिन्यांनी, ३ वर्षांपर्यंत वर्षातून दोनदा. काही सापडलं तर त्याहून लवकर लवकर. वेळेत सापडलं तर लेझरने तो उपाशी भाग शेकतात आणि पडदा वाचायची चांगली शक्यता असते.

उत्तर २ (आई, मुलगी शाळेत जाते):
आमच्या लेकीच्या अंगावर अगदी थोडे डाग होते तरी डाव्या डोळ्यात निघालंच, म्हणजे स्किन किती खराब यावरून डोळ्याचा अंदाज बांधू नका. भूल देऊन डाय टाकून डोळ्याची अँजिओग्राफी (पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) केली तेव्हा कडेचा बंद भाग नीट कळला, नुसत्या टॉर्चने नव्हता कळला. लेझर झालं, आता चष्मा आहे पण दोन्ही डोळ्यांनी वाचते. तपासताना बाळ रडतं ते बघवत नाही हे खरंय, पण कुशीत घेतलं, दूध पाजलं की शांत होतं. थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर उजेडाचा त्रास होतो, टोपी न्या.

छकुलीची मावशी:
हे सगळं आईबाबांना वाचून दाखवलं. एक विचारायचंय, बहिणीलाही तपासायला सांगितलंय, ते कशाला?

उत्तर १:
आईला सौम्य स्वरूपात असू शकतं, पोटऱ्यांवर फिकट पट्टे, एखादा दात नसणं किंवा टोकदार असणं. तिच्या जीनमध्ये दोष निघाला तर पुढच्या वेळी आधीच सल्ला घेता येईल, नसेल तर बाळात तो नव्याने आलेला असू शकतो. आणि बाळाला झटके आल्यासारखं, हातपाय उडतायत किंवा फार सुस्त वाटलं तर थांबू नका, त्याच क्षणी हॉस्पिटलला न्या, मेंदूवरही परिणाम होऊ शकतो.