लॉइड्स ही विमा कंपनी नाही, तर मग भरपाई देतो कोण?

प्रश्न:
सागरी विम्याचा इतिहास वाचताना 'लंडनचे लॉइड्स ही कंपनी नसून बाजार आहे' हे वाक्य वारंवार समोर येते. बाजार म्हणजे तर जागा. मग जहाज बुडाल्यावर पैसे नेमके कोणाच्या खिशातून जातात?

प्रतिसाद १:
एका खिशातून जात नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजमालक, व्यापारी आणि दलाल जमू लागले. जहाज, माल आणि प्रवास यांचा तपशील लिहिलेला कागद दलाल धनिकांकडे फिरवी, आणि ज्याला जेवढी जोखीम पेलवेल तेवढा हिस्सा तो मजकुराखाली लिहून सही करी; 'अंडररायटर' हा शब्द त्या खाली लिहिण्यावरूनच आला. आजही पहिली सही 'लीड' अंडररायटरची असते. दर आणि अटी तो ठरवतो, आणि त्याचे नाव वजनदार असेल तर उरलेले हिस्से लवकर भरतात. मात्र ही आपल्याकडची भागीदारी नव्हे. भागीदारीत एकाचे देणे दुसऱ्याच्या गळ्यात पडू शकते, इथे प्रत्येक जण आपल्या हिश्श्यापुरताच बांधील असतो.

प्रश्नकर्ता:
म्हणजे सही करणाऱ्याचे दिवाळे निघाले, तर विमेदाराचा तेवढा हिस्सा बुडाला?

प्रतिसाद २:
तीच उणीव भरून काढण्यासाठी १९२७ मध्ये केंद्रीय निधी उभा राहिला. शिवाय सिंडिकेटला, म्हणजे एकत्र जोखीम घेणाऱ्या गटाला, भांडवल पुरवणाऱ्या 'नेम्स'चा हिस्सा ठरलेला असला, तरी त्या हिश्श्यापोटी त्यांची जबाबदारी अमर्याद असे. वेळ आली तर राहते घरही विकावे लागे.

प्रतिसाद ३:
आणि ती वेळ आली. जोखीम वाटली म्हणजे ती बाहेर गेलीच, असे नाही. १९८० च्या दशकात काही सिंडिकेट एकमेकांचाच पुनर्विमा, म्हणजे विमा देणाऱ्याने घेतलेल्या जोखमीचा विमा, उतरवत होती. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातील पायपर अल्फा हा तेलफलाट जळाला, तेव्हा एकाने पुढे ढकललेला दावा चार ठिकाणी फिरून पुन्हा त्याच्याच टेबलावर येऊ लागला. त्यातच ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्या कामगारांचे दावे अनेक दशकांपूर्वीच्या पॉलिसींवर येऊन आदळले. १९८८ ते १९९२ या वर्षांचा तोटा सुमारे ८ अब्ज पौंडांवर गेला आणि कित्येक नेम्स देशोधडीला लागले. १९९४ पासून मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचे भांडवल घेण्यास सुरुवात झाली, आणि जुनी देणी १९९६ मध्ये इक्विटास नावाच्या वेगळ्या कंपनीकडे सोपवण्यात आली.